टाचा आणि सैल स्क्रू

मी एक जुनी शिडी आहे, पण माझ्यावर आजवर कुणी पाय ठेवलेला नाही. मित्रांनो, मी बोटांची शिडी. दवाखान्यातल्या व्यायामाच्या खोलीत भिंतीला उभी ठोकलेली एक लाकडी पट्टी, तिच्यावर अठ्ठावीस खाचा. ज्यांचा खांदा आखडलेला असतो, ते माझ्यासमोर उभे राहून दोन बोटांनी एकेक खाच चढतात. सुताराने मला मन लावून घासलं, म्हणून कुणाच्या बोटात कधी कुसळ गेलं नाही. फक्त माझा खालचा स्क्रू सैल आहे. कुणी अंगाचा भार टाकला की मी करकरते.

एके दिवशी टेलरताई आल्या. कपडे शिवणाऱ्या म्हणून सगळे त्यांना तसंच म्हणत. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते. काखेतली कातडी ओढली जायची, हात अकराव्या खाचेवर अडायचा. सोबत त्यांची नणंद असे. व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओबाईंनी दोघींना समजावलं, "पुढे रेडिएशन आहे. तिथं उताणं झोपून हात डोक्यावर घ्यायचा आणि हलवायचा नाही. हात वर गेल्याशिवाय ते सुरूच करता येणार नाही."

आता हे काम माझं, असं मला वाटलं. पण बाईंनी कोपऱ्यातून काय काढावं? फरशी पुसायच्या पोछ्याचा मोडका दांडा! घरी उताणं झोपून तो दोन्ही हातांनी धरायचा आणि सावकाश डोक्यामागे न्यायचा. येताना रोज बरोबर आणायचा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काल बादलीत बुडणारा तो दांडा आज टेलरताईंच्या कुशीत बसून यायचा आणि मी भिंतीला खिळलेली. माझ्या पोटात दुखायचं, खोटं कशाला सांगू?

मग माझं नशीब फळफळलं. दांड्याने ओढ फार बसते म्हणून टेलरताई घरी त्याला हात लावीनाशा झाल्या. माझ्याकडे मात्र हौसेने येत. पंधरा, सतरा, एकोणीस. नणंद खाचा मोजायची आणि बाई दुसऱ्या पेशंटजवळूनच विचारायच्या, "आज किती?"

"एकवीस!" नणंद सांगायची आणि मी दांड्याकडे बघून टेंभा मिरवायची.

खरी गोष्ट मला ठाऊक होती. पायघोळ कपड्यांच्या आत टेलरताई टाचा उचलत होत्या, एका अंगाला कलत होत्या. त्यांचा भार माझ्यावर यायचा. मी करकरले असते तर बाईंनी वळून पाहिलं असतं. पण मी श्वास रोखून गप्प राहिले. माझा आकडा वाढत होता ना!

मग रेडिएशनसाठी माप घ्यायचा दिवस आला. टेलरताई तिथल्या टेबलावर उताण्या झोपल्या आणि हात मध्येच अडकला. दहा दिवसांनी या, असं सांगून त्यांना परत पाठवलं. त्या इथं आल्या तेव्हा त्यांचे डोळे सुजले होते.

"झोपल्यावर टाचा कशा उचलणार, ताई?" बाईंच्या आता लक्षात आलं होतं, त्या हळूच म्हणाल्या. त्यांनी चपला काढायला लावल्या. खरा आकडा निघाला चौदा.

"वहिनी, मी आपली खाचा मोजत बसले. पायाकडे बघितलंच नाही," नणंद म्हणाली.

"आकडा वाढला की वाटायचं, बरी झाले मी," टेलरताई म्हणाल्या. "मलाच घाई झाली होती गं."

मला तोंड लपवायला जागा नव्हती. पुढचे दहा दिवस तो दांडा वर जाताना मी पाहिला. टेलरताई ओठ घट्ट मिटून घ्यायच्या, नणंद शेजारी बसून त्यांच्याबरोबर मोठ्याने श्वास मोजायची. मी जळत होते आणि तरी मनात म्हणत होते, अजून थोडं, अजून थोडं. दहाव्या दिवशी हात डोक्यामागच्या उशीला टेकला. मग माप झालं आणि रेडिएशन सुरू झालं.

ते संपल्यावर टेलरताई पुन्हा माझ्यासमोर उभ्या राहिल्या, अनवाणी. नणंदेने कपडे बेतायच्या कागदाची पट्टी त्यांच्या टाचांखाली सरकवली आणि टोक धरून जमिनीवरच बसली. कागद सुटला तर लबाडी. अठरा, वीस, बावीस. कागद हलला नाही. पण तेविसाव्या खाचेसाठी त्या जराशा कलल्या. तेवीस! माझ्या हातातोंडाशी आलेला आकडा.

मी होतं नव्हतं तेवढं बळ एकवटून करकरले.

टेलरताई थांबल्या, हसल्या, सरळ झाल्या आणि बोटं बावीसवर आणली. बाई स्क्रू आवळायला स्क्रूड्रायव्हर शोधू लागल्या, तेव्हा त्या म्हणाल्या, "राहू द्या तो तसाच. लोकांच्या उपयोगी पडेल."

तो दांडा आता माझ्या शेजारच्या खिळ्याला टांगलाय. अजून भाव खातो, अजून मला खुपतो. तरी मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. माझ्यावरची धूळ पुसा, खाचा स्वच्छ ठेवा, माझ्यासमोर टाचा टेकून उभे राहा. पण माझा खालचा स्क्रू कुणी आवळू नका.