सतरंजी टाकणाऱ्या मावशी

मी एक जुनी सतरंजी आहे. निळ्या-तांबड्या पट्ट्यांची, पण आता दोन्ही रंग सारखेच मळकट दिसतात. मित्रांनो, माझ्यासारख्या सतरंजीवर तुम्ही कधी ना कधी नक्की बसला असाल आणि उठताना तिच्याकडे वळूनही पाहिले नसेल. त्याचा राग नाही. सतरंजीने रागावून कसे चालेल?

एका विणकर नवरा-बायकोने मला उरल्यासुरल्या सुतातून विणले. विणताना दोघे कडाकडा भांडत, म्हणून माझी एक कड जरा वाकडी आहे. त्यांच्याकडून मला टायपिस्टमावशींनी आणले. मावशी दिवसभर कचेरीत टायपिंग करत आणि संध्याकाळी वस्तीतल्या लोकांची बैठक बोलावत. दोन इमारतींमधल्या बोळात मला अंथरत आणि स्वतः कडेला, चपलांपाशी बसत.

त्यांची एक रीत होती. एका बैठकीसाठी प्रत्येक दाराशी तीनदा जायचे: एकदा सांगायला, एकदा आठवण करून द्यायला आणि तिसऱ्यांदा हाताला धरून आणायला. जो सर्वांत जास्त कुरकुर करी, त्याच्याच गळ्यात त्या काम घालत.

"मावशी, मी आपलं नुसतं बोललो हो!" शेजारचा वेल्डर एकदा कळवळून म्हणाला.

"बोललास ना? मग आता अर्ज लिही."

अशा अकरा बैठका झाल्या, तेव्हा कुठे वस्तीत दवाखाना आला.

पुढे निवडणूक लागली. लोकांनीच आग्रह करून मावशींना उभे केले. समोर होते एक वकीलसाहेब, बोलण्यात पटाईत. त्यांच्या सभेला सतरंज्या कमी पडल्या, तेव्हा त्यांची माणसे मागायला आली ती थेट मावशींकडे! मागेल त्याला सतरंजी द्यायची, हा मावशींचा नियम. त्यांच्या बहिणीने कपाळावर हात मारला. "अगं, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"बसणार आपलीच माणसं ना? मग धुळीत कशाला बसतील?" मावशी म्हणाल्या आणि मला झटकून दिले.

खरे सांगते, मित्रांनो, त्या दिवशी मी मिरवले. बोळातली मी, थेट मंडपात, पहिल्या रांगेत! वकीलसाहेब उठले आणि म्हणाले, "आमच्या विरोधात एक बाई उभ्या आहेत. त्यांचा अनुभव काय? सतरंज्या टाकणं! आणि सभा संपली की? सतरंज्या उचलणं!"

मंडपात हशा पिकला. माझ्यावर बसलेलेही सगळे हसले. वेल्डर तर मांडीवर थाप मारून हसला. त्यांची हलणारी अंगे मला खालून कळत होती. दवाखान्याचा अर्ज त्यांनी माझ्यावरच बसून लिहिला होता. मला तोंड नाही, म्हणून मी गप्प राहिले. त्यांना तर तोंड होते.

मावशी निवडणुकीत पडल्या. पडल्याचे त्यांना फारसे वाटले नाही, आपली माणसे हसली याचे वाटले. त्यांनी माझी घडी घातली आणि मला माळ्यावर टाकले. पुन्हा बैठक म्हणून बोलावली नाही.

दोन वर्षांनी दवाखान्यावर तो बंद होणार असल्याची नोटीस लागली. जो तो ती वाचून चडफडला आणि आपापल्या घरी गेला. वकीलसाहेबांचा फोन लागेना. लोकांना एकत्र बोलावणारे कुणी उरले नव्हते. दवाखान्याला कुलूप पडले.

एका दुपारी वेल्डरच्या आईला धाप लागली. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इस्पितळात तिला पोचवेपर्यंत सगळे संपले होते.

दुसऱ्या दिवशी वेल्डर मावशींच्या दारात मान खाली घालून उभा राहिला. "मावशी, लोक भेटायला येतायत. सतरंजी हवी होती."

मावशींनी मला माळ्यावरून काढले, झटकले आणि त्याच्या हातात दिले. तो पुटपुटला, "मावशी, मी तेव्हा हसलो होतो."

"माहीत आहे मला. ने आता, लोक खोळंबले असतील."

त्या दिवशी सारी वस्ती पुन्हा माझ्यावर बसली. 

तेव्हापासून मी वेल्डरच्या घरीच आहे. मला परत करायला तो कितीदा तरी निघाला आणि मावशींच्या दारापर्यंत जाऊन तसाच माघारी आला. मित्रांनो, मला धुऊन वाळवून ठेवले नाही तरी चालेल. पण चार माणसे जोडणाऱ्या माणसाला कुणी हसू लागले आणि तुम्हालाही हसू फुटू लागले, तर आधी एकदा खाली बघा. आपण कशावर बसलो आहोत, ते दिसेल.