फेराच्या मधोमध

मी समई बोलतेय. ओतीव पितळेची, कमरेत किंचित वाकलेली. "असू दे, नाचायला निघाल्यासारखी दिसते," असं म्हणून एका शिलाईखान्याच्या मालकीणबाईंनी मला उचललं. सगळ्या त्यांना मोठ्या बाई म्हणतात.

वर्षभर मी कापडाच्या ताग्यांमागे धूळ खात असते. नवरात्रातल्या एका संध्याकाळी मात्र मशिनं भिंतीला सरकतात, मला लख्ख घासून मधोमध ठेवतात आणि बायका देवीच्या नावाने माझ्याभोवती फेर धरतात. दिवसभर मान मोडून शिवणाऱ्या याच का त्या, असं मला वाटतं. इस्त्रीवाली तर अशी गिरकी घेते की बघत राहावं! देवी माझ्या ज्योतीत असते म्हणतात. मला ती त्या टाळ्यांतच जास्त दिसते.

एका वर्षी काजं-बटणं करणाऱ्या मावशींची सून जिन्यातच थांबली. दोन महिन्यांपूर्वी तिचं बाळ पोटातच गेलं होतं.

"ती वर का नाही आली?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"मीच नको म्हटलं," मावशी वात वळत म्हणाल्या. "देवीआईचा फेर हा. लोक काय म्हणतील?"

"अहो, इथे लोक म्हणजे आपणच की!"

मावशींचा हात थांबला.

"माझीही पहिली मुलगी अशीच गेली," त्या हळूच म्हणाल्या. "सासूबाईंनी मला आतल्या खोलीत बसवलं होतं. टाळ्या ऐकत बसले होते. आजवर कुणाजवळ बोलले नाही."

मावशी उठल्या आणि गुडघे धरत जिना उतरल्या.

"चल गं. चुकलं माझं," खालून ऐकू आलं.

"मला नाचता नाही येणार, आई."

"नको नाचूस. नुसती चाल माझ्याबरोबर."

त्या दिवशी फेर फार संथ फिरला. सुनेची टाळी चुकत होती, डोळे वाहत होते. ती थांबली की अख्खा फेर थांबायचा. मावशींनी तिचा हात शेवटपर्यंत सोडला नाही.

आता माझा पायथा झिजलाय. डुगडुगू नये म्हणून खाली चिंधीची घडी सरकवतात. नव्या मुली म्हणतात, विजेचा दिवा बरा. आणा खुशाल! मधे काहीही ठेवा, बायांनो. फेरात तेवढी कुणाची जागा रिकामी ठेवू नका.