देवगाव फाट्यावरचा समुद्र

ओमप्रकाश शेठच्या कापसाच्या जिनिंगला लागोपाठ दोन हंगाम चांगले गेले आणि त्यांना समुद्राची हौस झाली. परभणी जिल्ह्यातल्या माणसाला समुद्र म्हणजे तसा ऐकीव विषय. पण शेठ दुबईला जाऊन आले, तिथल्या हॉटेलात भिंतीएवढ्या काचेमागची हलती-डुलती जिवंत पोवळी बघून आले, आणि देवगाव फाट्याजवळच्या नव्या बंगल्यात हॉलमध्ये तसंच पाहिजे म्हणून अडून बसले. लोक मंगळ शांत व्हावा म्हणून बोटात पोवळ्याचा खडा घालतात. शेठ पोवळी पाळायलाच निघाले. हौसेला मोल नाही म्हणतात, आणि शेठच्या हौसेला आडवं येणारंही घरात कोणी नव्हतं.

नांदेडचा शिवप्रसाद असल्या टाक्यांचा जाणकार. त्यानं आठ फूट लांब, दोन हजार लिटरची जाड काचेची टाकी आणून उभी केली. पण त्याचा फिटर बहिणीच्या लग्नाला म्हणून गावी गेला तो परतलाच नाही, आणि पाइप कोण जोडणार यावर घोडं अडलं. शेठकडं धुणंभांडं करणारी कडूबाई तिथंच फरशी पुसत होती. ती म्हणाली, "माझा पुतण्या हाय, सुग्रीव. त्यानं जोडलेला पाइप आजून कुठं गळाला न्हाई." खरं तर सुग्रीव तिच्या नवऱ्याच्या चुलतभावाचा मुलगा. नातं लांबचं, पण गावात काकू म्हणजे काकूच. तिच्या शब्दावर सुग्रीव त्या हॉलमध्ये शिरला.

सुग्रीव उन्हाळ्यात बोअरच्या मोटारी बसवायचा, नळ जोडायचा, आणि दिवाळी झाली की बायकोला घेऊन उसाच्या तोडीवर जायचा. दरसाल पाच-सहा महिने. यंदा मुलगी ज्ञानेश्वरी दहावीला होती. पोरगी हुशार, पण आईबाप तोडीवर गेले की शेजारणीच्या दारात झोपायची आणि दचकून उठायची. बायकोनं, राजेश्रीनं, आखाडातच सांगून टाकलं होतं, "औंदा पोरीला टाकून मी तोडीच्या कोपीत ऱ्हायला यायची न्हाई. काय करायचं ते तुमी बघा." काय करायचं हे सुग्रीवला सुचत नव्हतं.

पहिल्याच दिवशी तो पिशवीतून नवाकोरा पितळी व्हॉल्व्ह काढून बसला. वीस वर्षांत पितळेनं त्याला कधी दगा दिला नव्हता. शिवप्रसादनं तो व्हॉल्व्ह उचलून दाराबाहेर ठेवला. "खाऱ्या पाण्यात पितळ झिजतं, आणि पितळेचं पाणी लागलं की पोवळी मरतात. पितळेचा एक स्क्रूसुद्धा नको." सुग्रीवनं कानाला खडा लावला. सगळं काम प्लास्टिकच्या पाइपात केलं, जोडाचे निपलसुद्धा प्लास्टिकचे घेतले आणि मोटारीच्या पट्टीचे चार पितळी स्क्रू स्वतःहून काढून टाकले.

काम तसं सरळ होतं. वरच्या टाकीतलं पाणी कोपऱ्यातल्या काचेच्या कप्प्यात सांडायचं, तिथून पाइपानं खाली कपाटात लपवलेल्या दुसऱ्या टाकीत उतरायचं, तिथं गाळून स्वच्छ व्हायचं आणि मोटारीनं परत वर चढायचं. शिवप्रसादनं कागदावर नकाशा काढून दिला. सुग्रीवनं तो उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "सायेब, लाइट गेल्यावर काय?"

"इन्व्हर्टर आहे की."

"इन्व्हर्टर बी बंद पडतोय. हितं आठ-आठ घंटे लाइट नसती. मोटार थांबली की वरचं पाणी ह्याच पाइपातून उलटं खाली वढलं जाणार. खालच्या टाकीत न्हाई मावलं तर शेठच्या सोफ्याखाली समुद्र."

मग त्यानं वर चढणाऱ्या पाइपाला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली एक बारीक भोक पाडलं. पाणी जरा उतरलं की भोकातून हवा शिरते आणि ओढ तुटते. खालच्या टाकीवर खडूनं रेघ मारली आणि सांगितलं, ह्याच्या वर भरायचं नाही. साधं पाणी भरून त्यानं मेन स्विच पाडून दाखवला. पाणी उतरलं, रेघेच्या चार बोटं वर येऊन थांबलं. फरशीवर एक थेंब नाही. शिवप्रसादनं वाकून त्या भोकावरून बोट फिरवलं.

"दिवाळीपर्यंत ही टाकी जगली," तो म्हणाला, "तर तू नांदेडला माझ्याकडं ये. कायमचा. बायको-पोरीला घेऊन ये." सुग्रीवला त्या रात्री भाकर गोड लागली.

नागपंचमी झाल्यावर टाकीत खारं पाणी भरलं. शिवप्रसाद मिठाच्या गोण्या मोजून टाकून निघून गेला, आणि मोटार चालू करायला सुग्रीव एकटाच राहिला. आता इथं जे झालं ते असं. सुग्रीवच्या घराण्यात पहिल्या पाण्याला रिकाम्या हातानं सामोरं जात नाहीत. बोअरला पाणी लागलं की हळदकुंकू, नारळ, आणि पाण्यात तांब्याचा पैसा. वडिलांनी निजामाच्या वेळचे जाडजूड ढब्बू पैसे गाडग्यात साठवून ठेवले होते, ते बोअर-बोअर करत संपत आले होते. हे पाणी मोठं, मान मोठा. सुग्रीवनं उरलेले पाचही पैसे लाल फडक्यात बांधले, खालच्या टाकीच्या कोपऱ्यात, मोटारीच्या मागं सोडले, हात जोडले आणि बटण दाबलं. पितळ वाईट हे त्याला सांगितलं होतं. पण तांबं? तांब्याच्या भांड्यातलं पाणी तर लोक पहाटे औषध म्हणून पितात. पितळेत तांबंच असतं आणि पोवळ्यांना विष तेच होतं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यानं विचारलं नव्हतं. जेवायच्या आधी हात धुवावेत तसं त्यानं ते केलं आणि विसरून गेला.

दोन महिने टाकीत नुसते दगड होते. रोज उडून जाणारं पाणी भरून काढायचं काम कडूबाईकडं आलं. पांढऱ्या कॅनमध्ये फिल्टरचं पाणी असायचं, ते रेघेपर्यंत ओतायचं. दसऱ्याला वास्तुशांत झाली आणि थर्माकोलच्या पेट्यांतून पोवळी आली. जांभळी, हिरवी, एक तर कोंबड्याच्या तुऱ्यासारखं लाल. सेलू-जिंतूरची माणसं लेकराबाळांसह बघून गेली. सुग्रीव राजेश्रीला आणि ज्ञानेश्वरीला घेऊन आला. शेठनी सगळ्यांसमोर त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच संध्याकाळी तोडीचा मुकादम बन्सीधर फाट्यावर भेटला, तेव्हा सुग्रीव चहा पीत पीत म्हणाला, "औंदा आमची नवराबायकोची जोडी धरू नका, मुकादम. आमचा कोयता माळ्यावर गेला."

आठव्या दिवशी लाल पोवळं मिटलं ते उघडलं नाही. दहाव्या दिवशी जांभळी पांढरी पडली, चुना मारल्यासारखी. बारीक झिंगे उलटे होऊन तळाला पडले. हॉलमध्ये कुजका वास सुटला आणि शेठचा आवाज चढला. शिवप्रसाद आला, त्यानं टाकीतलं पाणी बाटलीत घेऊन तपासायची चिमूटभर पूड टाकून हलवलं. पाणी निळसर झालं.

"तांबं आहे," तो म्हणाला. "सुग्रीव, पितळ कुठं लावलंस?"

"पोरीची आन, सायेब. एक कण बी न्हाई."

"उघड सगळं."

सुग्रीवनं एकेक जोड उघडून दाखवला. सगळं पांढरंशुभ्र प्लास्टिक. शिवप्रसादनं करवत घेऊन पाइपाच्या वळणावरचे दोन एल्बो कापून बघितले. काही नाही. आपलं काम असं चिरलेलं बघताना सुग्रीवला राग येत होता आणि त्या रागात तो खरा होता, हे ध्यानात ठेवा. शेवटी तो कपाटात डोकं घालून खालच्या टाकीतली मोटार उचलायला गेला. कोपरापर्यंत हात बुडवला. बोटांना काहीतरी बुळबुळीत लागलं. फडकं होतं.

त्याला कळलं. सगळं एकदम कळलं.

मागं सोफ्यावर शेठ आणि शिवप्रसाद बसले होते. कडूबाई पाणी घेऊन आली. तांब्याचा जग आणि वर तांब्याचेच पेले, चिंचेनं घासून असे लखलखीत की तोंड दिसावं. शिवप्रसादनं पेला हातात घेतला आणि तो तसाच फिरवत राहिला.

"हे कोण घासतं?"

"मीच की," कडूबाई कौतुकानं म्हणाली.

"रोज?"

"रोज सकाळी. शेठला काळं पडलेलं चालत न्हाई."

"आणि टाकीत पाणी?"

"ते बी मीच. भांडी झाली की."

शिवप्रसादनं शेठकडं बघितलं. शेठ उठून उभे राहिले. भांड्यांचं तांबं हातानं टाकीत गेलं असा आळ आपल्यावर येतोय, हे कडूबाईला समजायला थोडा वेळ लागला, आणि समजल्यावर तिनं घरातल्या एकुलत्या एका आपल्या माणसाकडं बघितलं. "सुग्रीव, सांग की रे. मी पांढऱ्या कॅनीनंच वतते. हात धुऊन. तू बघितलंस न्हवं?"

सुग्रीवचा हात अजून पाण्यात होता. मुठीत पाच पैसे होते. "माझ्याकडून झालं" एवढे दोन शब्द होते, आणि त्या दोन शब्दांच्या पलीकडं नांदेड होतं, राजेश्री होती, दहावीची परीक्षा होती. त्यानं मूठ बाहेर काढली ती मोटारीच्या आडून, पुसायच्या पंच्यात गुंडाळली आणि म्हणाला, "मी रोज हितं नसतो, काकू."

एवढंच म्हणाला. खोटंही नव्हतं. म्हणून तर जास्त वाईट.

चोर सोडून संन्याशाला सुळी देतात म्हणतात, पण तिथं निदान चोर पळून गेलेला असतो. इथं चोरानं पाइप परत जोडले. सगळं पाणी उपसलं, टाकी धुतली, नवे एल्बो बसवले. शिवप्रसाद त्याला म्हणाला, "तुझ्या कामात खोट नव्हती. मीच शंका घेतली." दिवाळीनंतर एक तारखेपासून ये, असंही ठरलं. कडूबाईला शेठनी त्याच दिवशी बंद केलं. फाट्यावरच्या दोन घरांतही तिला मग कोणी भांड्याला लावलं नाही. शेठचा समुद्र जिनं मारला तिच्या हाताचा भरवसा कोण धरणार? तिचा मुलगा बालाजी तोडीला जायचा. त्याच्या बायकोला सातवा महिना लागला होता आणि जोडी मोडत होती. कंबर धरली म्हणून तीन वर्षांपूर्वी तोड सोडलेली कडूबाई सुनेच्या जागी मोळ्या बांधायला तयार झाली. बन्सीधरनं म्हातारीला घ्यायला आढेवेढे घेतले, पण सुग्रीवची जोडी गळाल्यामुळं त्यालाही माणूस कमी पडत होतं.

टोळी निघायच्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर वेशीजवळ लागला. पत्र्याच्या पेट्या, चुली, कोंबड्या, लेकरं. सुग्रीवच्या घरातही बांधाबांध चालली होती, पण नांदेडची. कडूबाई बोचकं काखेत घेऊन दारात आली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"एक इचारायचं हाय," ती म्हणाली. "तुला त्या पाण्यातलं कळतंय. मी अडाणी. खरं सांग बाबा, माझ्याच हातानं मेली का रे ती?"

आत राजेश्री भांडी पोत्यात भरत होती. ज्ञानेश्वरी पुस्तकांचा गठ्ठा बांधत होती. नाही म्हणावं, दुसराच काही रोग होता म्हणावं, असं सुग्रीवच्या तोंडापर्यंत आलं. पण मग ती म्हणाली असती, चल, शेठला हेच सांग. बालाजीही ट्रॅक्टरवरून उतरून आला असता.

"व्हय काकू," सुग्रीव म्हणाला. "तांबं लय बारीक ऱ्हातंय. हाताला लागलेलं दिसत न्हाई."

कडूबाईनं आपले दोन्ही तळहात उघडून बघितले. चिंचेनं आणि राखेनं भेगाळलेले हात. मग मान हलवली.

"मंग बरोबरच केलं शेठनी. मी आपली इतके दिवस त्यांनाच शिव्या द्यायले होते." वेशीकडून बालाजीनं हाक मारली तशी ती वळली, पण दोन पावलांवर थांबली. "आन तुझ्यावर बालंट येत होतं रे, माझ्यापायी. लेकराबाळाचा धनी तू. मीच तुला तिथं लावला आन मीच तुझं काम नासवलं. माफ कर बाबा मला."

थोरल्या माणसानं माफी मागितली की धाकट्यानं काय म्हणायचं याची रीत ठरलेली आहे. सुग्रीवनं ती पाळली.

"जाऊ द्या काकू," तो म्हणाला. "मी काय मनात धरलं न्हाई."