पावण्यांपुढं गप्प बसलेली घंटी

टेबल थरथरलं. कुणी हात लावला नव्हता, कुणाचा धक्का नव्हता, तरी थरथरलं. मी इतकी दचकले की माझ्या पोटातली हातोडी कडेला लागून बारीक 'टिण्' झालं. वर्षाराणीनं पटकन मला तळव्याखाली झाकलं आणि माझ्या शेजारचा मोबाईल उचलून पुढं केला. "सर, फोन!" राजशेखर सर खुर्चीतून उडालेच.

त्याच क्षणी मला वाटलं, आज काही खरं नाही.

होय, मी घंटीच बोलतेय. देवळातली नाही, शाळेची नाही. सभेच्या टेबलावर बसते ती, पितळेची, डोक्यावर बटण असलेली. १९९२ साली मला कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानातून कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी आणलं. दुकानदारानं वाजवून दाखवताना मला दहा वेळा दाबलं आणि दहाही वेळा मी घाबरले. ही सवय अजून गेलेली नाही.

पण काय मान होता तेव्हा! पाच मिनिटांना एक टोला, सात मिनिटांना दोन. हात उंचावून गर्जणारी पोरं "म्हणूनच मित्रहो" म्हणून जागच्या जागी गार व्हायची.

पुढं स्पर्धा बंद पडल्या आणि मी ढालींच्या मागे कपाटात गेले. २००४ साली त्याच कॉलेजात संगणक शिकवणाऱ्या राजशेखर सरांनी लिनक्स नावाची मोफत संगणकप्रणाली वापरणाऱ्या मंडळींचं संमेलन भरवलं, तेव्हा त्यांना माझी आठवण झाली. त्यांनी मला रुमालानं पुसलं, वेळ बघायला बसलेल्या वर्षाराणीच्या पुढ्यात ठेवलं. मी हरखून गेले. आणि मग त्यांनी खिशातून तो काळा मोबाईल काढून माझ्या शेजारी ठेवला.

मला जळायचं नव्हतं हो. पण बघा ना, तो नुसता गुरगुरला तरी माणसं वाकून, तोंडावर हात धरून बाहेर पळतात. एकाचा वाजला की पन्नास जण खिसे चाचपतात. माझ्यासाठी कुणी कधी खिसा चाचपलाय?

तरी सकाळ बरी गेली. सगळे वक्ते घंटीसरशी उतरले. एक कागलचे गृहस्थ तर म्हणाले, "आँ? झाली वीस मिन्टं? मी आत्ताशी इन्स्टॉलपर्यंत आलतो! बरं, ऱ्हायलेलं चहाला सांगतो की."

साडेतीनला हुबळीचे पाहुणे वीरेश सर उभे राहिले. त्यांना चारपर्यंत वेळ. चारनंतर दानेश्वरी, आणि साडेचारला हॉल रिकामा करायचा, कारण तिथं संध्याकाळी कुणाचा तरी साखरपुडा होता.

ही दानेश्वरी इचलकरंजीची, शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. मागांच्या शेडमध्ये कुणाची कोणती पाळी, हे पडद्यावर मराठीत दाखवणारा प्रोग्राम तिनं लिहिला होता. तिथं इंग्रजी कागद लागायचा आणि विणकर तो दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे. तिचे आप्पा त्यातलेच एक. चादरीत गुंडाळलेला संगणक मांडीवर घेऊन ती एसटीनं आली होती. आप्पा पाळी बदलून आले होते आणि शेवटच्या रांगेत ताठ बसले होते. लेकीचं आयुष्यातलं पहिलं भाषण होतं.

चार वाजले. वर्षाराणीचं बोट माझ्यावर आलं.

"आगं, काय करतीस?" राजशेखर सर कुजबुजले. "पावण्यांना घंटी मारायची? हुबळीत जाऊन सांगतील, कोल्हापुरात मला उठवलं म्हणून! तोंड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाय."

"पण सर, दानेश्वरी?"

"घरचीच पोरगी हाय. घेईल सांभाळून."

बोट मागं गेलं. मी गप्प. वीरेश सर बोलत राहिले. मध्येच थांबायचे, घोटभर पाणी प्यायचे, टेबलाकडं बघायचे आणि पुन्हा सुरू व्हायचे. मला वाटलं, त्यांनाही तो मोबाईलच आवडलाय. जिवाचा नुसता तडफडाट झाला. दानेश्वरीच्या हातातला कागद घडी घालून घालून काडेपेटीएवढा झाला होता.

आज मी पुन्हा कपाटात आहे, म्हणून सांगायचं ते इथंच सांगून टाकते. तुम्ही कधी सभेत बसलात, तर घंटीचा राग धरू नका. ती कुणाला हाकलत नसते, पुढच्याला बोलावत असते.

चार वाजून दहा मिनिटांनी मोबाईल पुन्हा थरथरला. हॉलवाल्याचा फोन, फुलांची माणसं दारात आली होती. राजशेखर सर लगबगीनं बाहेर गेले. त्याचं ऐकलं बघा लगेच!

तेवढ्यात दानेश्वरी वाकून टेबलाशी आली. "वर्षा, मार की घंटी."

"मी न्हाय बाई. सर खातील मला."

"मग सरक तिकडं."

तिचा हात थंडगार होता. तिनं मला असं दाबलं की मीच घाबरून किंचाळले. सगळा हॉल वळला. मागं आप्पा उठून उभे राहिले. दारात राजशेखर सर मोबाईल कानाला लावून थिजले.

वीरेश सर वाक्याच्या मध्येच थांबले. त्यांनी चष्मा काढला आणि थेट माझ्याकडं बघितलं.

"आली बाई एकदाची!" ते म्हणाले. "अक्का, किती वाट बघायला लावली! सकाळपासून बघतोय, इथं घंटीशिवाय कुणी उतरत नाही. आपणहून उतरलो तर यजमानांना वाईट वाटेल म्हणून उभा आहे. माझं सगळं चारलाच संपलं. दहा मिनिटं झाली, माझ्या पहिल्या प्रिंटरची गोष्ट सांगतोय!"

आणि त्यांनी माईक दानेश्वरीपुढं धरला. "या. बोला."