कोरलेल्या कडीतला कण

मी पोलादातला एक कण बोलतोय. घाबरत बोलतोय, हे आधीच सांगतो. डोळ्यांना दिसणार नाही एवढासा मी, पण रोज एका म्हाताऱ्या बाईचा भार माझ्यावर येतो.

गंधक आणि मँगनीज यांच्यापासून वितळलेल्या पोलादात माझा जन्म झाला. आम्हाला तिथे मुद्दाम आणलं होतं. आमच्यामुळे लेथवर कापताना निघणारा धातूचा कीस पटापट तुटतो आणि हत्याराची धार टिकते. तेव्हा मी चांगला गोल गरगरीत होतो.

मग आमचा गज भट्टीतून निघून रोलरांखाली लाटला जाऊ लागला. खूप तापलेलं पोलादच इतकं मऊ असतं की ते आमच्या अंगावरून सरकून जातं, आम्ही फारसे ताणले जात नाही. पण त्या दिवशी रोलर मध्येच अडकले आणि गज निवत पडला.

"परत तापवू या," भट्टीवाला म्हणाला.

"चालेल रे, ढकल पुढे," मुकादम म्हणाला.

निवलेलं पोलाद घट्ट झालं होतं, मी त्याच्यापेक्षा मऊ. मेलो मेलो म्हणेपर्यंत माझा लांब दोरा झाला. शेजारच्यांचेही झाले. गज लांबीत ओढला तर भक्कम होता. आडवा ओढला तर आमच्याच रेघेवर फाटणार, हे मला तेव्हाच कळलं आणि धडकी भरली.

गज लेथवर काम करणाऱ्या एका टर्नरकडे आला. त्याची आई अंथरुणाला खिळलेली, तिला उचलून उचलून बायकोची कंबर गेलेली. म्हणून त्याने छताला कप्पी बसवली. आईला उचलायची झोळी अडकवायला कडी हवी, तर माझ्या गजाची चकती कापून मधोमध भोक पाडलं. "लोण्यासारखं कापतंय," म्हणाला. अहो, तीच तर भीती! गज आडवा कापल्यामुळे आमचे दोरे चकतीत आरपार उभे राहिले, आता कडीवरची ओढ आमच्यावर आडवीच बसणार.

आईने कडी हातात घेऊन फिरवली. ती लोहाराची बायको. "तुझे बाबा सळई वळवून कडी करायचे. तू कोरलीस होय?"

"आई, तुझ्यासारख्या दोघी उचलेल ही."

"एक उचलली तरी पुरे, बाबा."

दोघं हसले. मला काही हसू आलं नाही.

तेव्हापासून रोज सकाळी खुर्चीत बसायला ती अधांतरी जाते आणि मी जीव मुठीत धरतो. काल माझ्या टोकाशी टिक्‌ झालं. तडा शेजारच्या दोऱ्यापर्यंत पोचलाय. सुनेने आवाज ऐकला. "कप्पी कुरकुरतेय वाटतं," म्हणत तिने कप्पीला तेल घातलं.

आत्ता झोळी बांधून झाली आहे. सुनेने दोर हातात घेतलाय. मला ओरडता येत नाही हो, तुम्ही तरी सांगा तिला. आई, आज नको उठूस.