बर्फाविना एक खेप

मी एक जुनी थर्माकोलची पेटी आहे, मित्रांनो. मासळीची. वास अजून जात नाही, रागावू नका.

साच्यात पांढऱ्या मण्यांना वाफ दिली, ते फुगून एकमेकांना चिकटले, ती मी. मोहाडीजवळच्या यादोरावाने मला सायकलला बांधले. पहाटे तलाव, मग बर्फ, मग बाजार. "याची मासोळी दुपारीबी जिती दिसते," असे गिऱ्हाइके म्हणत. कौतुक माझे होते.

मग त्याच्या बायकोला, चंद्रभागाबाईला, छातीचा कॅन्सर निघाला. तो हाडांत पोचला. बाजार सुटला. मी न्हाणीमागे उपडी. माझ्यावर कोंबडी बसे.

वैशाखात मला धुतले, तिच्या रक्ताची नळी न्यायला. गाठीतून सुटलेल्या पेशी रक्तात फिरतात. नागपूरची प्रयोगशाळा त्या मोजणार होती. नळीभर रक्तात पाचाच्या आत निघाल्या तर आशा. पाच किंवा वर, तर...

"बाबा, बर्फ टाकू नका. पेशी खराब होतात म्हणते थे लोकं," मुलगी गुड्डी म्हणाली.

"एवढ्या उन्हात बर्फाबिगर काय टिकते वं?"

तिची पाठ वळताच त्याने बर्फ टाकला. जे जपायचे ते तो आयुष्यभर असेच जपत आला होता.

मला ओरडता आले नाही.

नमुना वाया. पुन्हा रक्त. शीर सापडेना, सुई कोपरात, मनगटात, पंज्यावर. चंद्रभागाबाई नवऱ्याला म्हणाली, "मी का मासोळी आहो, बर्फात ठेवाले?"

तो हसला नाही.

दुसरी खेप बर्फाविना. एसटीत त्याने मला मांडीवर घेतले आणि खिडकीतल्या उन्हाकडे पाठ केली.

एकोणीस.

फोनवर आकडा गुड्डीने ऐकला.

"पाचाच्या आत हाये ना? सांग ना वं. सहा? सहा असन तं चालन ना?"

गुड्डी भिंतीकडे तोंड करून उभी.

खाटेवरून आवाज आला, "पोरीले कायले तरास देता? बर्फ आणा. तोंड जळून राहिलं माहं."

औषधाने तिच्या तोंडात फोड आले होते.

आता तो रोज माझ्यात बर्फ आणतो. मासळी नाही. खडा फोडतो, तिच्या जिभेवर ठेवतो. तो विरघळेपर्यंत ती कण्हत नाही.

माझा एक कोपरा फुटला आहे. तिथे चिंधी कोंबली आहे, तरी ऊन आत शिरते. मित्रांनो, भेटायला आलात तर विचारपूस मागून करा. आधी माझे झाकण नीट लावा.

आत थोडाच उरला आहे.