पाणवठ्याचं मीठ

पारगावच्या शिवारातून समुद्र गाठायचा तर आख्खा सह्याद्री उतरावा लागतो. पण सरकारी माणसाला सह्याद्रीचं काय कौतुक! उन्हाळ्यात दोन साहेब आले, नदीत यंत्र बुडवलं, यंत्र किंचाळलं आणि ठरलं, नदी खारट झालीय. झालं, 'नदी क्षारता नियंत्रण प्रकल्प' जन्माला आला. बघता बघता काठाला तारेची जाळी लागली, पाटी लागली. आता पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास व्हायचा होता. आधी जाळी, मग अभ्यास. बारसं उरकून लग्न ठरवावं तसं.

आणि ही जाळी बसली नेमकी धर्माजीच्या पाणवठ्यावर. त्याच्या बापजाद्यांपासून मेंढरं तिथंच पाणी पीत आलेली. आता उसाच्या फडांना वळसा घालून पार खालच्या उतारापर्यंत जावं लागे. मेंढ्या गाभण, वर ऊन मी म्हणतंय. दोन मेंढ्या वाटेतच बसल्या, त्या उठल्याच नाहीत.

"हे असंच चाललं तर पावसाच्या आत कळप इकावा लागंल," धर्माजी म्हणाला.

साळुबाईनं, त्याच्या बायकोनं, आधी कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. कारण नदी कुणी खारट केली, ते दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

मेंढराला मीठ लागतं. दर अमावास्येला धर्माजी काठावरच्या चपट्या दगडांवर खडेमीठ पसरायचा. मेंढरं चाटायची आणि मग घटाघटा पाणी प्यायची. मीठ पायदळी तुडवलं तर मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं, असं साळुबाईला आजीनं सांगितलेलं. म्हणून ती उरलंसुरलं मीठ झाडून पदरात घ्यायची आणि हात जोडून नदीत सोडायची. यंदा नदीची धार तुटून तिथं नुसतं डबकं उरलेलं. साहेबांनी यंत्र बुडवलं ते अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, त्याच दगडांपाशी, त्याच डबक्यात. कारण गाडी तिथवरच जात होती.

"सांगून टाकतो," धर्माजी म्हणाला.

"येड लागलंय का तुमाला? नदी नासवली म्हून आत टाकतील!"

"टाकू दे. आत पाणी तरी देत्यात."

अभ्यासासाठी गावाची सुनावणी ठेवली, तिला शेजारच्या वारूळवाडीहून मांडव आणला होता. अभ्यास करणाऱ्या राजनंदिनी मॅडम पुण्याहून आल्या होत्या, उन्हानं नाक सोललेल्या. शेजारी प्रकल्पाचे मोठे साहेब, गळ्यात हार. धर्माजी पागोटं सावरत उठला.

"सायेब, नदी खारट न्हाई. मीठ आमी घातलं. आता न्हाई घालणार. जाळी काढा."

साहेबांचा चेहरा उजळला. "म्हणजे मीठ आहे! गावकऱ्यांनीच मान्य केलं! वाजवा टाळ्या!" लोकांनी वाजवल्या. चहा अजून यायचा होता ना.

मॅडम चाचरत म्हणाल्या, "पण सर, यांनी मीठ बंद केलं तर क्षारता उरणारच नाही."

"अरे बापरे!" साहेब दचकले. "मग आपण नियंत्रण कशाचं करायचं? प्रकल्पाला सगळ्यात मोठा धोका तर हाच!"

त्यावर उपायही साहेबांनीच काढला. मीठ चालू राहील. खडेमिठाची पोती ऑफिस पुरवील. दगड जाळीच्या अलीकडं मांडायचे, मेंढरांनी पलीकडं जायचं नाही. उरलेलं मीठ साळुबाईनं रीतसर नदीत सोडायचं. त्यासाठी तिला जाळीपलीकडं जायचा पास मिळेल.

"आन पाणी?" धर्माजीनं विचारलं.

"या प्रकल्पाशी पाण्याचा काही संबंध नाही," साहेब म्हणाले.

धर्माजीनं घरी येऊन पागोटं आपटलं. साळुबाई भाकरी थापत होती. "मीठ देत्यात तर घ्या की," ती म्हणाली. "चांगलं लई घ्या. पर मीठ देतील त्यादिशी मेंढरं पाण्यावर नेऊ नका." धर्माजीनं तिच्याकडं बघितलं. मग त्यानं पागोटं उचलून झटकलं.

मीठवाटपाच्या दिवशी सकाळपासून मेंढरं तहानलेली होती. धर्माजीचा जीव तीळतीळ तुटत होता. साहेबांनी फोटोपुरतं मूठभर मीठ पसरलं, पण साळुबाईनं "आजून, सायेब, आजून," म्हणत पोतंच रिकामं करून घेतलं. मेंढरं तुटून पडली. साहेबांचं भाषण सुरू झालं आणि अघळपघळ लांबत गेलं.

तहानलेलं मेंढरू भाषणबिषण ऐकत नाही. म्होरक्या एडक्यानं पाण्याचा वास घेतला आणि जाळीला डोकं लावलं. मागून सगळा कळप रेटला. खांब ठेकेदारानं रोवलेले, ते कितीसा दम धरणार? जाळी, पाटी, पाटीवरची नावं, सगळं भुईसपाट.

"अहो, आवरा त्यांना!" साहेब ओरडले.

"मी कुठं हाकललं, सायेब? मीठ तर तुमीच चारलं."

"मॅडम! हे परिणामांमध्ये लिहू नका!"

मॅडम लिहीतच होत्या. "सर, आख्ख्या अभ्यासात सापडलेला हा एवढा एकच परिणाम आहे."

गाभण मेंढ्या पाण्यात उभ्या राहून पीत होत्या. धर्माजीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती. साळुबाई मात्र कामाला लागली. तिनं दगडांवरचं उरलेलं मीठ झाडून पदरात घेतलं, आडव्या पडलेल्या जाळीवरून चालत गेली आणि हात जोडून नदीत सोडलं. पास तिच्याकडं होताच.